पाठीला पाठ

लातूर, ६ मे २०२५

मृत्युंजय अण्णा,

वर 'तीर्थरूप' लिहायची पद्धत आहे. मी ती विसरलेले नाही, मुद्दाम सोडली आहे.

फोन न करता कागदावर का लिहिते आहे ते तुला कळेलच. फोनवर तू बोलतोस आणि मी 'हूं, हूं' करते. दोन वर्षांपूर्वी तेही मी बंद केलं. पत्राचं बरं असतं, मध्येच कुणी 'अंबे, आधी ऐक तर' म्हणत नाही.

कामाचं आधी. नाट्यशाळेच्या प्रवेशाचा फॉर्म भरला आहे. निवड चाचणी एक जूनला नांदेडला. वयाची अट पंचवीस. मला ऑगस्टमध्ये पंचवीस पूर्ण होतात, म्हणजे ही शेवटची खेप. याआधी दोनदा गेले आणि दोन्ही वेळा हात हलवत परत आले. तीन मिनिटांचं स्वगत करायचं असतं आणि ते त्यांनी दिलेल्या पाचांतूनच निवडायचं. यादी परवा आली. वसतिगृहाच्या ऑफिसात बसून उघडली. मी अजून तिथंच आहे, डॉक्टर व्हायला लातुरात आलेल्या नव्वद पोरींची रेक्टर. परीक्षा रविवारी झाली, सगळ्या घरी गेल्या, इमारत रिकामी. तीन नंबरला लिहिलेलं होतं: 'सरण', लेखक मृत्युंजय मुरुडकर.

मुरुडकर. अप्पा गेल्यापासूनच्या नऊ वर्षांत गावाला चारदा आलास आणि आडनाव मात्र गावाचं लावलंस.

आता खरं दुखणं. चार वर्षांपूर्वी दिवाळीत तू घरी आला होतास. दुपारी आपण दोघं अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो. तू म्हणालास, अप्पा गेले तेव्हा मी पुण्यात होतो, त्या दिवसाचं मला कुणी नीट सांगितलंच नाही. म्हणून मी सांगितलं. भावाला सांगितलं. लेखकाला नाही.

बाजाराचा दिवस होता, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. अप्पा जेवून उठले आणि ओसरीवरच गेले. अव्वाला रडायला सवड नव्हती. आजीच्या वेळचं तिच्या मनात पक्कं बसलेलं. आजी गेली तेव्हा लोक जमेपर्यंत तिला आडवीच ठेवली, अंग ताठलं, आणि मग मांडी घालायला चौघांनी तिचे गुडघे दाबले. तो आवाज अव्वानं ऐकला होता. म्हणून तिनं मला धोंडप्पाकाकाला बोलवायला बाजारात पिटाळलं आणि एकटीनं अप्पांना उठवून मांडी घालून बसवलं. भिंतीला टेकवलं तर ते कलंडायचे. धरायचं आणि बांधायचं, दोन्ही एकटीला जमेना. शेवटी ती त्यांच्या पाठीला पाठ लावून बसली, दोन्ही हात मागं नेऊन त्यांच्या कोपरांत अडकवले आणि तशीच राहिली. काका सापडला नाही, तो लातूरला गेलेला. मी परत आले तेव्हा दाराशी तिचं बोलणं कानावर आलं. ते मी तुला शब्दन् शब्द सांगितलं. तू डोळे पुसलेस. मला वाटलं, भाऊ रडतोय.

दोन वर्षांनी तुझ्या 'सरण'ला पहिलं बक्षीस मिळालं. लातूरच्या प्रयोगाला मी तिकीट काढून गेले, तुला न कळवता. पडदा उघडला तर स्टेजवर लाकडं रचलेली. त्यावर पांढऱ्या कपड्यात आडवा माणूस. बाजूला केस सोडलेली बाई, ओरडतेय, 'उठा, उठा म्हणते ना.' आणि शेवटी मुलगा धावत येतो, ती त्याच्या गळ्यात पडते, टाळ्या.

आपल्यात सरण कुणाचं रचतात रे? आपण लिंगायत. आपल्या माणसाला बसवून पुरतात, मांडी घालून, हातात इष्टलिंग देऊन, विभूती लावून. हे मी तुला सांगायचं? दुसऱ्या दिवशी खड्ड्यात उतरून अप्पांची मान सरळ करणाऱ्यांत तूही होतास. आणि अव्वा 'उठा' म्हणाली नव्हती. ती 'बसा' म्हणत होती. ती उभी नव्हती, तिला हातही हलवता येत नव्हता. आणि मुलगा आला नव्हता. मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी आला.

आता ऐक. मला हेच स्वगत करायचं आहे, पण अव्वाच्या शब्दांत. फॉर्मवर नियम छापलाय: 'स्वगत छापील संहितेनुसार करावे. बदल असल्यास लेखकाची लेखी संमती जोडावी.' म्हणजे माझ्या आईचं बोलणं बोलायला मला तुझी सही लागते. मागते आहे. दोन ओळी लिही, खाली सही कर आणि वसतिगृहाच्या पत्त्यावर पाठव. गोड बोलून मागायला जमलं नाही, तेवढं चालवून घे.

अंबिका


लातूर, १५ मे

अण्णा,

मी कागद मागितला होता. तू अकरा मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करून पाठवलंस. ते मी मेसच्या ओट्याला टेकून ऐकलं. लक्ष्मीबाई ज्वारीच्या भाकरी थापत होत्या. एवढ्या वेळात त्यांच्या सात झाल्या.

तुझं म्हणणं थोडक्यात असं. एक, बसलेलं प्रेत पुण्यामुंबईच्या प्रेक्षकाला कळत नाही, त्याला समजावत बसलं की नाटक मरतं, आणि सरण दिसलं की सगळ्यांना लगेच कळतं. दोन, मुलगा आणला नसता तर शेवट झाला नसता. तीन, संहिता आता पुस्तकात छापली आहे, शब्द बदलायची परवानगी एकाला दिली की उद्या दहा जण मागतील. चार, मी दुसरं स्वगत घ्यावं कारण हे माझ्या 'फार जवळचं' आहे. आणि वर ते वाक्य: "अंबे, ती आता आपली अव्वा राहिलेली नाही, ती सगळ्यांची आई झाली आहे."

सगळ्यांची आई झाली असेल तर सगळ्यांना मुरुडला पाठव. तिचे गुडघे दुखतात, पाळीपाळीनं चेपून द्या.

अण्णा, तू काय केलंस ते तुला अजून कळलेलं नाही, आणि त्याचाच मला जास्त संताप येतो. चोरी केली असतीस तर मी एवढी चिडले नसते. घरातलंच उचललं, घरातल्यानंच उचललं, म्हणून गप्प बसले असते. पण तू उचललंस आणि बिघडवलंस. ज्या एका गोष्टीसाठी ती तासभर पाठ मोडून बसली, की माझा माणूस आडवा राहू नये, नेमका तोच तू आडवा ठेवलास. सगळ्या महाराष्ट्रासमोर, तिकीट लावून.

दुसरं स्वगत घ्यायचा प्रयत्न केला नाही असं समजू नकोस. पाचही करून पाहिली. गच्चीवर आता पोरींचे कपडे वाळत नाहीत, जागा मोकळी आहे. एक नंबरची राणी आहे, तू सुचवलेली. मी राणी झाले की लक्ष्मीबाई पदर तोंडाला लावून हसतात. दोन नंबरची शहरातली बाई नवऱ्याला सोडून चाललेली, ती बॅग भरत बोलते आणि मला तिच्या बॅगेपलीकडं काही दिसत नाही. चार आणि पाच पुरुषांची. राहिली तुझी. ती छापल्याप्रमाणे केली, केस सोडून, ओरडून, लाकडांऐवजी प्लास्टिकच्या खुर्च्या रचून. पाठांतर चोख झालं. लक्ष्मीबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं:

"ताई, ही बाई कुणाला बोलून राहिली?"

मी म्हटलं, मेलेल्या नवऱ्याला. त्या म्हणाल्या, मग येवढ्या मोठ्यानं कशाला, तो काय ऐकतो का. आणि भांडी घासायला गेल्या.

तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. अव्वापण मोठ्यानं बोलत होती, हे खरं आहे. मला दारातून स्वच्छ ऐकू येत होतं, खालच्या आवाजात नव्हतंच ते. मी दाराशी फार वेळ नव्हते. थोडा वेळच. पण जेवढं ऐकलं ते स्वच्छ ऐकलं.

सही पाठव. 'फार जवळचं' आहे म्हणून तर मला जमेल. तुला लांबून जमलं नाही ते दिसतंच आहे.

अंबिका


मुरुड, २४ मे

अण्णा,

सही आलेली नाही. दहा दिवस सुट्टी काढून घरी आले आहे. अव्वा ठीक आहे. विचारलं नाहीस तरी सांगते.

तुझी बक्षिसाची ढाल देव्हाऱ्याच्या शेजारी आहे. रोज सकाळी लिंगपूजा झाली की ती त्या ढालीलाही विभूतीचं बोट लावते. कशाची आहे विचारलं तर म्हणते, मृत्युंजयानं एका बाईची गोष्ट लिहिली, लोकांनी दिली. कुठल्या बाईची हे तू तिला सांगितलंच नाहीस. मीही दोन वर्षं सांगितलं नाही, त्यामुळं त्या बाबतीत मला तोंड नाही. पण यावेळी पुस्तक सोबत आणलं होतं. बुधवारी दुपारी ती गहू निवडत बसली होती, मी समोर बसून अख्खी एकांकिका वाचून दाखवली. आवाज न चढवता वाचली. तुझ्यावर अन्याय नको म्हणून नीट वाचली.

पहिली दोन पानं ती निवडतच होती. नंतर हात थांबला. तिला कळलं. सुपाकडे बघत राहिली. मी शेवटपर्यंत वाचलं, मुलगा आला, ती त्याच्या गळ्यात पडली, पडदा पडला.  मला वाटलं, रागावेल, किंवा रडेल, आणि कुठंतरी मला ते हवंही होतं, तुला कळवायला. ती एवढंच म्हणाली:

"ह्यानं अप्पाला जाळलं व्हय?"

मग सूप उचललं आणि उरलेले गहू निवडले. तुला परत वाचायची असेल तर ती ओळ परत वाच. याहून जास्त ती बोलली नाही, आणि मी काही घालून लिहीत नाही, ते काम तुझं आहे.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच विचारलं, तुझं काय अडलंय म्हणून. मी नियम सांगितला. लेखकाची सही लागते म्हटलं. ती म्हणाली, लेखक म्हंजे ज्यानं लिहिलं तो, का जी बोलली ती? मी म्हटलं, फॉर्मवर तेवढं खुलासेवार दिलेलं नाही. तेव्हा तिनं चष्मा आणायला सांगितला. वहीच्या कागदावर मी लिहिलं, हे बोलणं माझं आहे, माझ्या मुलीनं ते करायला माझी हरकत नाही. खाली तिनं सही केली. तुला आठवतं ना, ती 'शरणम्मा' लिहिताना जोडाक्षरापाशी थांबते, श्वास घेते आणि मग पुढं जाते. तशीच केली.

तो कागद चालेल की नाही मला माहीत नाही. बहुतेक नाही चालणार. पण आता माझ्याकडं एक सही आहे.

आता माझं एक. तुला या पत्रांतून चोर ठरवताना मी स्वतः एक गोष्ट दडवली. मी दाराशी थोडा वेळ नव्हते. तासभर होते. बाजारातून आले, ओसरीच्या दारापाशी थांबले आणि आत गेलेच नाही. आत अप्पा होते म्हणून गेले नाही. मला त्यांना हात लावायची भीती वाटत होती. मी सोळा वर्षांची घोडी, चार पावलं टाकून एका बाजूनं धरलं असतं तर तिला हात सोडवता आले असते, दोरी बांधता आली असती. मी भिंतीला चिकटून ऐकत राहिले. शेवटी शेजारची गुरम्मा बाजारातून आली, ती माझ्या अंगावरून आत गेली, आणि तिच्या मागून मी गेले, आत्ताच आल्यासारखं तोंड करून. अव्वाच्या पाठीला नंतर सहा महिने शेक दिला मी. कुणी विचारलं की काय झालं, तर मी म्हणायचे, पाणी भरताना चमक आली.

म्हणून मला ते स्वगत नीट करायचं आहे. तू नव्हतास आणि स्वतःला आत घातलंस. मी होते आणि बाहेर राहिले. आपल्या दोघांत फारसा फरक नाही हे कळतं मला, आणि त्याचाही राग येतो. पण माझ्या चुकीनं तुझी चूक धुतली जात नाही.

काल दुपारी मी अव्वाला म्हटलं, माझ्या पाठीला पाठ लावून बस, अंग सैल सोड, मला वजन कळू दे. ती म्हणाली, हे काय भलतंच. पण बसली. मी हात मागं नेऊन तिच्या कोपरांत अडकवले आणि सुरू केलं, तिचंच बोलणं, तिच्याच पाठीशी. पहिल्या दोन मिनिटांत माझे खांदे भरून आले. ओरडायला छातीत हवा उरत नाही, अण्णा. तुझी बाई ओरडू शकते कारण तिनं काहीच धरलेलं नाही.

मध्येच अव्वानं मला थांबवलं आणि एक गोष्ट सांगितली. त्या दिवसाची. नऊ वर्षांत तिनं ती कुणाला सांगितली नव्हती.

ती मी आत्ता लिहीत नाही. तुझ्या हातात पडली तर तू तिचंही नाटक करशील.

अंबिका


नांदेड बसस्थानक, १ जून

अण्णा,

लातूरची गाडी साडेचारला आहे. दोन तास आहेत. चाचणी झाली.

तुझं पाकीट काल वसतिगृहात पोचलं. मी उघडलं नाही. आत 'हो' असेल तर तुझे आभार मानावे लागतील, 'नाही' असेल तर रडावं लागेल, आणि सकाळी सहाची गाडी पकडायची होती. या पत्राबरोबर ते तसंच परत पाठवते आहे. चिकटवलेलं आहे, तपासून घे.

नांदेडच्या केंद्रावर आम्ही चौदा जण होतो. त्यातल्या सहा मुलींनी 'सरण' निवडलं होतं. तुला आनंद वाटेल म्हणून सांगते. एकीमागून एक आत जायची आणि बाहेर व्हरांड्यात आम्हाला 'उठा, उठा' ऐकू यायचं. चहावाला म्हणाला, आत कुणाला झोपेतून उठवून राहिलेत का. माझ्या शेजारी अर्धापूरची विशाखा बसली होती, केळीच्या बागायतदारांची पोर, तीही तेच करणार होती. तिला मी विचारलं, तुझं झालं की माझ्यासाठी मेलेला माणूस होशील का, नुसतं पाठीला पाठ लावून अंग सोडून बसायचं आहे. ती म्हणाली, मरायचंच आहे ना, मग चालते की.

परीक्षक तिघं होते. मधल्या बाई वयानं मोठ्या, बाजूला दोन पुरुष. विशाखाला घेऊन मी आत गेले तेव्हा त्यांनी एकमेकांकडं पाहिलं. मी जमिनीवर मांडी घातली, तिच्या कोपरांत हात अडकवले आणि सुरू केलं. तुझ्या पुस्तकात नाही, म्हणून इथं लिहिते. निदान आता तरी बरोबर लिहिलेलं तुझ्या घरात राहू दे.

"बसा. आता तरी बसा. सात वार सात बाजार केलेत, भांड्याचं गठुडं डोक्यावर, मुखेडला तर मुक्कामानं. घरात बूड टेकलं न्हाई. म्या म्हनलं गावातच दुकान टाका, बसून इका. तुमी म्हनलात, भांडी बसून इकत न्हाईत. आता? मान सरळ धरा. तुमच्या आईचं काय झालं ते बघितलंय म्या, तुमचं तसं होऊ देणार न्हाई. टेका. येवढी वर्सं म्या टेकले का कधी तुमच्यावर? सवयच न्हाई तुमाला कुणाचं वजन घ्यायची. असू द्या. म्या घेते. कुठं जायचं न्हाई आता, कुठला बाजार न्हाई. चुलीवर दूध हाय, ते उतू गेलं तर जाऊ द्या. पोरगी ईल आत्ता. पोरगी आली की च्या टाकते. बसा."

विशाखा मध्येच रडायला लागली. मेलेला माणूस हुंदक्यानं हलत होता आणि मला त्याला आवरून धरावं लागत होतं. खोटं वाटेल तुला, पण त्यामुळंच ते बरं झालं.

 संपल्यावर डावीकडचे गृहस्थ म्हणाले, हे छापील संहितेत नाही. मी म्हटलं, नाही. बदलाची संमती? मी अव्वाचा कागद पुढं केला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, यादीत लेखकाचं नाव वेगळं आहे, ही सही त्यांची नाही. मी म्हटलं, ज्यांचं नाव आहे ते माझे भाऊ आहेत, आणि ज्यांची सही आहे त्या आमच्या आई. त्यांच्या आधी त्या बोलल्या आहेत.

मधल्या बाईंनी नियमाचं बाजूला ठेवलं आणि विचारलं, "ही बाई कुणाशी बोलते आहे?"

बाहेर आलेल्या मुली सांगत होत्या, सकाळपासून 'सरण' करणाऱ्या प्रत्येकीला त्यांनी हाच प्रश्न विचारला होता, आणि सगळ्यांनी एकच उत्तर दिलं होतं, मेलेल्या नवऱ्याशी. गेल्या महिन्यात मीही लक्ष्मीबाईंना तेच म्हटलं होतं.

मुरुडला अव्वानं मला मध्येच थांबवलं ते याच्यावर. मी 'बसा, आता तरी बसा' असं सुरुवातीला हळू म्हटलं होतं, आतल्या आत. ती म्हणाली, असं न्हाई, पहिल्यापासनं मोठ्यानं. मी म्हटलं, तू आधी हळू बोलत असशील आणि मग आवाज चढला असेल, मी आले तेव्हा. तेव्हा ती म्हणाली:

"तू यायच्या आधी म्या एक सबूद बोलले न्हाई. मेल्या माणसाशी काय बोलायचं? दारात तुझी चप्पल वाजली. म्हनलं, पोरगी आली, आत यायला भिऊन राहिली. घर गप असलं तर आणखी भील. मंग रोज भांडत होते तशी भांडले."

मी विचारलं, मग मला आत का नाही बोलावलंस. ती म्हणाली, सोळा वर्साच्या लेकराला मढं धरायला लावू? तिची पाठ माझ्या पाठीला होती, मला तिचं तोंड दिसत नव्हतं. बरं झालं दिसत नव्हतं.

तासभर, अण्णा. एका बाजूला अप्पांना धरलं होतं आणि दुसऱ्या बाजूला मला. गुरम्मा येईपर्यंत तिनं बोलणं थांबवलं नाही, कारण ती थांबली असती तर मला शांतता ऐकू आली असती.

मी त्या बाईंना सांगितलं, ती दारामागं उभ्या असलेल्या मुलीशी बोलते आहे. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, आम्हाला हे आवडलं हे खरं, पण नियम आम्हाला मोडता येत नाही. नाट्यशाळा लेखकाला पत्र पाठवेल. हे शब्द आणि हा बदल त्यांना मान्य आहे का, शब्द मुळात कुणाचे, असं विचारलं जाईल. उत्तर पंधरा जूनच्या आत यायला हवं. नाही आलं किंवा नकार आला, तर हे स्वगत धरता येणार नाही, म्हणजे मी बाद.

तर आता ते पत्र तुझ्या दारात येईल. मी तुला काही मागत नाही. पहिल्या पत्रात मागितलं होतं, ते मागं घेते. तुझ्यापुढं एक कोरा कागद असेल आणि एक प्रश्न असेल, आणि तुला जे लिहायचं ते तू लिहिशील. फक्त एवढं ध्यानात ठेव की यावेळी 'तिनं सांगितलं नाही, मी ऐकलं नाही' असं म्हणायला तुला जागा नाही.

गाडी लागली आहे. अव्वाचा निरोप राहिला. परवा निघताना मी तिला म्हटलं, अण्णाला मी सोडणार नाही. तिनं दारापर्यंत येऊन सांगितलं, त्याला येवढं लिही:

"तू दारात असतास तरी म्या मोठ्यानंच बोलले असते."

तिनं सांगितलं म्हणून लिहिलं. मला पटलेलं नाही.

अंबिका